‘एआय मानसोपचारतज्ज्ञ’ अशी जाहिरात करायला कोणाची परवानगी लागते?

वर्धारोडवाला (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे. आपल्या नागपुरात शंकरनगर ते लक्ष्मीनगर पट्ट्यात ऑटोंच्या पाठीवर सध्या एका ॲपची जाहिरात फिरतेय. ‘आपला एआय मानसोपचारतज्ज्ञ. २४ तास सोबत. डिप्रेशनपासून २१ दिवसांत मुक्ती.’ बाजूला क्यूआर कोड आणि पांढऱ्या कोटातली एक हसरी बाई. बाईसुद्धा एआयनेच काढलेली असावी, कारण तिच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपची एक नळी कॉलरपाशी सुरू होते आणि कोटाच्या खिशात न जाता मध्येच संपते. अगदी तळाशी इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की हे वैद्यकीय उपचार नाहीत.

एआय चांगलं की वाईट यावर इथे भांडू नका, त्यासाठी दुसरा धागा आहे आणि तिथे काय चाललंय ते सगळे बघतायत. मला फक्त जाहिरातीबद्दल विचारायचंय. औषधाचं दुकान टाकायला परवाना लागतो, दवाखान्याला नोंदणी लागते. मग ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणून ऑटोवर मिरवायला काहीच लागत नाही का? तक्रार करायची तर कुठे? माझ्या मते ॲप वापरायला बंदी नको, पण ही जाहिरात उद्याच्या उद्या उतरली पाहिजे.

पोट्टा_नागपूरचा

बाप्पा, २१ दिवसांत मुक्ती! आमच्या ऑफिसातल्या डिप्रेशनचं कारण मॅनेजर हाय. त्याच्यापासून मुक्ती देते का हे ॲप, ते पाहून सांगा. मी आजच पैसे भरतो.

खमंगतर्री

पोट्टाभाऊ, मॅनेजरनेच ऑफिसतर्फे ते ॲप घेतलं असेल तर?

डॉ_मनकवडा

मी मानसोपचार विभागात काम करतो. आमच्यापैकी कोणी गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसत नाही, पण ते सोडा.

गंमत बघा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यानुसार मला स्वतःची जाहिरात करता येत नाही. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी होतो आणि परत आलो, अशा मोजक्या प्रसंगी वर्तमानपत्रात चार ओळी देता येतात. ‘डिप्रेशन बरं करतो’ असं मी ऑटोवर लिहिलं तर वैद्यकीय परिषद मला बोलावून घेईल. एमबीबीएस, एमडी करून ज्याला हे वाक्य लिहायला मनाई आहे त्याच्याच हुद्द्याचं नाव घेऊन एक कंपनी ते बिनधास्त लिहिते. कंपनी डॉक्टर नाही, म्हणून ती परिषदेच्या कक्षेत येतच नाही. ज्याच्याकडे पात्रता आहे तो बांधलेला आणि ज्याच्याकडे नाही तो मोकळा, अशी उलटी रचना आहे.

आणि ‘२१ दिवसांत मुक्ती’ हे वाक्य निव्वळ अतिशयोक्ती म्हणून सोडून देऊ नका. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि बरं वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. हे वाक्य वाचलेला पेशंट बाविसाव्या दिवशी काय समजतो? ‘ॲप फसलं’ असं नाही समजत. ‘मीच बरा न होणारा आहे’ असं समजतो. ओपीडीत हे ऐकलंय, फक्त तेव्हा ॲपच्या जागी कुठला तरी काढा होता.

मीनल_मानेवाडा

डॉक्टरांच्या शेवटच्या ओळींना +१००.

काळाकोट

धागाकर्त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर. परवानगी अशी आधी घ्यावी लागत नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असंही नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खोटं वर्णन, खोटी हमी, महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं, सगळं त्यात येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दंड आणि वर्षभराची बंदी होऊ शकते. इथली बाई एआयची असल्याने ती सुटली.

तळाच्या बारीक अक्षरांबद्दल: जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की खुलासा करून मूळ दाव्यातली दिशाभूल दुरुस्त करता येत नाही. शिवाय दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा आणि तो ठळक दिसला पाहिजे. वर मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ आणि खाली इंग्रजीत ‘उपचार नाहीत’, हे तिथेच आपटतं.

तक्रार दिल्लीलाच करावी लागते असं नाही, कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. म्हणजे आपल्याला सिव्हिल लाइन्सपर्यंतच जायचंय. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच.

तिरपागडा

वकीलसाहेब, कायदे पाठ आहेत तुमचे, मानलं. पण ‘आठ दिवसांत गोरेपणा’वाली क्रीम याच कायद्याच्या नाकावर टिच्चून विकली जाते ना? एआयच्या नावाने एवढी बोंब कशाला?

रात्रपाळी

माझं मत बहुतेकांना आवडणार नाही.

मी हॉस्टेलवर राहून शिकलो. शेवटच्या वर्षी झोप उडाली होती, घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर वडील म्हणाले असते, मानकापूरच्या मनोरुग्णालयात नेऊन टाकतो तुला. आमच्याकडे ही धमकी गमतीत देतात आणि खरंही वाटते. खासगी डॉक्टरची एका वेळची फी म्हणजे माझ्या मेसचे निम्मे पैसे. तेव्हा रात्री दोन वाजता मी असंच एक ॲप उघडलं. त्याने मला फार काही शहाणपण दिलं नाही. ‘आत्ता मनात काय चाललंय ते लिही’ म्हणालं, मग श्वास मोजायला लावले, मग झोपेची वही ठेवायला लावली. पण ती वही घेऊनच मी पुढे सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलो आणि डॉक्टरने ती पूर्ण वाचली.

अशी जाहिरात दिसलीच नसती तर मी गेलो नसतो. सगळ्या जाहिराती उतरवा म्हणणाऱ्यांनी रात्री दोनला कोण उघडं असतं तेही सांगावं.

वर्धारोडवाला

@रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पण तुम्ही पाहिलेल्या जाहिरातीत ‘तज्ज्ञ’ आणि ‘मुक्ती’ होतं का? मला त्या दोन शब्दांवरच आक्षेप आहे.

रात्रपाळी

नाही. ‘मन मोकळं करा’ एवढंच होतं बहुतेक.

शिकागोचा_इतवारीकर

माझ्या दारातला विषय निघाला म्हणून हजेरी लावतो. अमेरिकेतल्या आमच्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यावर कायदाच केला. परवानाधारक माणसाशिवाय थेरपी द्यायची नाही आणि देतो अशी जाहिरातही करायची नाही. उल्लंघनाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड. परवानाधारक थेरपिस्ट मात्र वेळा ठरवणं, बिलं, नोंदी अशा कारकुनी कामाला एआय वापरू शकतो. नेवाडाने त्याआधी, जूनमध्ये असाच कायदा केला, तिथे दंड पंधरा हजारांपर्यंत आहे. युटाहने वेगळी वाट धरली. बॉटवर बंदी नाही, पण ‘मी माणूस नाही’ हे त्याने सांगायलाच हवं, वापरणाऱ्याची माहिती विकायची नाही आणि गप्पांच्या मध्ये उत्पादन खपवायचं तर ती जाहिरात आहे हे उघड सांगायचं. कॅलिफोर्नियाचा कायदा मला सगळ्यात हुशार वाटतो. आरोग्यसेवेचा परवाना असल्याचा भास होईल अशी पदवी, अक्षरं किंवा शब्द एआयने वापरायचे नाहीत. म्हणजे तुमचा तो ‘मानसोपचारतज्ज्ञ’ शब्दच अडचणीत आला असता.

आता वाईट बातमी. इलिनॉयसारख्या कायद्यातून पळवाट अगदी सोपी आहे. ‘थेरपी’ खोडायचं आणि ‘वेलनेस सोबती’ लिहायचं. आतला माल तोच.

कोडकामगार_मिहान

इतवारीकर, पळवाट खरी आहे. कामाच्या निमित्ताने अशी दोन-तीन ॲप्स आतून बघितली आहेत. बऱ्याचदा आत कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं भाषामॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागचं यंत्र, भाड्याने घेतलेलं असतं आणि वर पानभर सूचना, ‘तू सहृदय समुपदेशक आहेस’ छापाच्या. मॉडेलला मानसशास्त्र शिकवायला वेगळी मेहनत झालेली नसते. मेहनत होते ती जाहिरातीवर. रंग कोणता, बाई हसरी की गंभीर, यावर बैठका.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी थेराबॉट नावाचा बॉट बनवून २१० लोकांवर रीतसर चाचणी घेतली आणि मार्च २०२५ मध्ये निकाल छापले. नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. पण तो बॉट त्यांनी मानसोपचाराच्या जाणकारांकडून घडवला होता, चाचणीत माणसं संवादांवर लक्ष ठेवून होती, आणि तुलना होती ती अजून बॉट न मिळालेल्या, रांगेतल्या लोकांशी. माणसाच्या थेरपीशी नव्हे. आता भाड्याच्या मॉडेलवाला हाच ५१ टक्के आकडा उचलतो आणि आपल्या माहितीपत्रकात ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून छापतो. एकाच्या चाचणीवर दुसऱ्याने जाहिरात करायची! नियम करायचा तर पहिला हा करा: पुरावा ज्या बॉटचा, दावाही फक्त त्याच बॉटचा.

डॉ_मनकवडा

कोडकामगार, शेवटचं वाक्य औषधांना आम्ही लावतो तोच न्याय आहे. आणि चांगल्या हेतूनेही गडबड होते. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने ‘टेसा’ नावाचा बॉट ठेवला होता. २०२३ मध्ये तो वजन कमी करण्याचे सल्ले देताना आढळला. ॲनोरेक्सियाच्या पेशंटला कॅलरी मोजायला सांगायचं! लगेच बंद करावा लागला.

चिकित्सक

सगळे नव्या कायद्याच्या मागे आहेत, मी जुना काढतो. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या परिशिष्टात आजारांची यादी आहे आणि त्या आजारांवर औषधाची जाहिरात करायचीच नाही. मेंदूचे विकार, मज्जासंस्थेचे विकार, फेफरं, हिस्टेरिया, वेड, सगळं यादीत. जादूटोणा उपायांच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच हे शब्द आहेत. विदर्भात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेल्यांना हा कायदा तोंडपाठ.

पोट्टा_नागपूरचा

म्हणजे क्यूआर कोड हा नवा ताईत झाला! रेल्वेच्या डब्यात बंगाली बाबा चिकटवत होते, ‘प्यार में धोका, सौतन से छुटकारा, २४ घंटे में’. आमच्या या ॲपवाल्यानं २१ दिवस तरी मागितले. प्रामाणिक हाय म्हणा.

काळाकोट

हसलो. पण चिकित्सक, ॲप हे त्या कायद्यातलं ‘औषध’ ठरेल का, हा वादाचा मुद्दा होईल. त्या वेळी बाटली, गोळी आणि गंडा डोळ्यांपुढे होता. तिकडून गेलात तर प्रकरण वर्षानुवर्षं व्याख्येवर अडकेल. ग्राहक कायद्यात तो प्रश्न नाही, तिथे वस्तू आणि सेवा दोन्ही येतात.

खमंगतर्री

अवांतर: लक्ष्मीनगरात तर्री पोहे चांगले कुठे मिळतात? तक्रार द्यायला जाताना खाऊन जावं म्हणते.

वर्धारोडवाला

ताई, तक्रार सिव्हिल लाइन्सला द्यायचीय, लक्ष्मीनगर उलट्या दिशेला आहे.

खमंगतर्री

पोह्यांसाठी दिशा पाहत नाही मी.

मीनल_मानेवाडा

मी एरवी वाचनमात्र असते, पण हा विषय घरात आला म्हणून लिहिते.

मुलीसाठी नीटचा क्लास शोधत होतो. एका क्लासच्या माहितीपत्रकात पान तीनवर होतं, ‘मानसिक आरोग्याची पूर्ण काळजी, प्रत्येक विद्यार्थ्याला एआय काउन्सेलर मोफत’. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, माणूस काउन्सेलर कोण आहे? ती म्हणाली, मॅडम, ॲप चोवीस तास असते, माणूस तर सहा वाजता घरी जाते. मी विचारलं, एखाद्या पोरीने त्यात जिवाचं बरंवाईट करायचं लिहिलं तर ते कोणाला कळतं? ती आत जाऊन आली आणि म्हणाली, ‘रिपोर्ट येते महिन्याला.’

महिन्याला!

वर सगळे ऑटोवरच्या जाहिरातीबद्दल बोलतायत. ती तरी उघड दिसते. ही जाहिरात मुलांसाठी नव्हतीच. ॲपवाल्याने क्लासला विकलं, क्लासने आम्हाला. कोटा, हैदराबादच्या बातम्या वाचून घाबरलेले आईबाप हेच पान आधी बघतात, आणि त्यांना तेच दाखवलं जातं.

डॉ_मनकवडा

मीनलताई, तुम्ही धाग्याचा खरा मुद्दा काढलात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. कोचिंग क्लासही त्यात येतात. माणूस नेमायचा म्हणजे पगार आला. आता या रिकाम्या खुर्चीत ॲप बसवायचं आणि पालकांना ‘काउन्सेलर आहे’ सांगायचं, हा बाजार वाढणार.

शिकागोचा_इतवारीकर

इथे एक फरक लक्षात घ्या. इलिनॉयचा कायदा उभा राहतो कारण इथे थेरपिस्टला परवाना असतो. ‘परवान्याशिवाय नाही’ म्हटलं की सीमा आखली जाते. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी डॉक्टर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, इथवर ठीक. पण काउन्सेलर? तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेली माणसं धरमपेठेत नाहीत का? यंत्राला ‘तू काउन्सेलर नाहीस’ म्हणायला जाल तर कंपनी विचारेल, मग तो वरच्या मजल्यावरचा तरी कुठे आहे?

तिरपागडा

वा! मीही तेच म्हणत होतो, फक्त मला क्रीम सुचली. माणसांचाच हिशेब नाही आणि निघाले यंत्राला नियम लावायला.

रात्रपाळी

तिरपागडा, फरक आहे. खोटा काउन्सेलर दिवसाला दहा माणसं बिघडवेल. ॲप एका रात्रीत दहा हजारांशी बोलतं, आणि सगळ्यांचं बोलणं साठवतं. बेटरहेल्प या अमेरिकन कंपनीकडे तर माणसंच थेरपिस्ट होती, एआय नव्हे. तरी तिने ‘माहिती गुप्त राहील’ सांगून लोकांच्या मानसिक आरोग्याची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली, म्हणून २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ७८ लाख डॉलर भरायला लावले. मी वर बाजू घेतली ती ॲपची, या धंद्याची नाही. माझी ती झोपेची वही कोणाकडे आहे, हा विचार मला आजही येतो.

आर्वीकर

मी गावाकडचा माणूस. आमच्याकडे ना ऑटोवर जाहिरात, ना क्लास. पण रील पाहून राहिले सारे. मागच्या हंगामात आमच्या शेजारचा पोट्टा रात्रभर मोबाइलवर काईतरी बोलत होता. आमाले वाटलं पोरगी हाय. मग कळलं, त्या चॅटवाल्या मशीनशी बोले. कर्जाचं, बापाचं, सोयाबीनचं. त्या मशीनची कोणी ‘डॉक्टर’ म्हणून जाहिरात केली नव्हती, सादंच ॲप होतं ते. मग तुमचा जाहिरातीचा नियम त्याले कुठं लागते? आशाताईनं त्याले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, आता बरा हाय.

कोडकामगार_मिहान

आर्वीकरभाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेत आत्महत्या केलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दावा लावला, तोही सर्वसाधारण चॅटबॉटबद्दलच. जाहिरातीचा नियम तिथवर पोचत नाही. ते उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे.

काळाकोट

पोचत नाही, मान्य. पण जिथे पोचतो तिथे तरी लावू. मीनलताईंच्या माहितीपत्रकासाठी एक वाट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच ग्राहक प्राधिकरणाने खास कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. टॉपरचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय नको, तीही निकालानंतर घेतलेली हवी, त्याने नेमका कोणता कोर्स केला ते लपवू नका, वगैरे. मूळ कायद्याला हात न लावता एका क्षेत्रापुरते नियम करता येतात, हे त्यावरून दिसतं. मानसिक आरोग्याच्या ॲपसाठीही तसेच करता येतील. संसदेची वाट बघायची गरज नाही. आपल्या तक्रारीत शेवटी ही मागणी जोडा.

वर्धारोडवाला

मसुदा केलाय, बघा:

‘सदर जाहिरातीत सॉफ्टवेअरला मानसोपचारतज्ज्ञ म्हटले आहे, ठरावीक मुदतीत आजार बरा होण्याची हमी दिली आहे, व उपचार नसल्याचा खुलासा वेगळ्या भाषेत व न वाचता येण्याजोग्या अक्षरांत आहे. जाहिरात थांबवावी व दाव्याचा पुरावा मागवावा. तसेच अशा ॲपच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे करण्याची शिफारस प्राधिकरणाकडे करावी: यंत्र असल्याचे दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे, वैद्यकीय पदनाम व वेश वापरू नये, पुरावा त्याच उत्पादनाचा असावा, संस्थेने ॲपला समुपदेशकाच्या जागी दाखवू नये, संकटात माणसाशी जोडणारा क्रमांक जाहिरातीतच असावा.’

शेवटच्या मुद्द्यासाठी १४४१६ लिहिला आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस. फोन करून पाहिला, मराठीत बोलतात.

डॉ_मनकवडा

उत्तम. ‘हमी दिली आहे’च्या पुढे ‘२१ दिवस’ हे शब्द अवतरणचिन्हांत घाला.

काळाकोट

फोटो तारखेसह जोडा, ऑटोचा नंबर झाकून. ऑटोवाल्याचा यात काही दोष नाही, त्याला महिन्याचे पैसे मिळतात. जाहिरातदाराचा पत्ता ॲपच्या पानावर ‘विकसक’ या नोंदीत सापडेल. आणि दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

मीनल_मानेवाडा

माझ्या माहितीपत्रकाची तक्रार वेगळी देऊ की यातच?

काळाकोट

वेगळी द्या. जाहिरातदार वेगळा आहे. आणि पान तीन फाडून देऊ नका, पूर्ण माहितीपत्रक जोडा.

पोट्टा_नागपूरचा

सोमवारी मी येतो सोबत. मॅनेजरले सुट्टीचं कारण काय सांगू, ते फक्त सुचवा कोणी.